ऋषीचा बाण

बाण आपोआप हलला तेव्हा गिरिधर दचकला. खरं म्हणजे दचकण्यासारखं त्यात काही नव्हतं. आत्ताच त्याने पडद्यावर आलेला नंबर फोनवरून मुलाला वाचून दाखवला होता, परवानगीचा चौकोन आला तिथे दाबलं होतं आणि सांगितल्याप्रमाणे माउसवरचा हात काढून मांडीवर ठेवला होता. पुण्यात बसून ऋषी मस्तगडच्या घरातला कंप्युटर चालवतो, यात आता नवलाई उरली नव्हती. बायको, शरयू, गेल्यापासून बहुतेक रविवारी सकाळी हेच चाललेलं. तरीही तो पांढरा बाण कोपऱ्यातून सुटून मधोमध आला की गिरिधरला घरात कुणीतरी आलंय असं वाटायचं. दारात चप्पल न काढता, पाणी न मागता, सरळ आतल्या खोलीत येऊन बसलेलं आपलंच कुणीतरी. आज मात्र त्यात धाकधूकही होती. एरवी ऋषी दुरुस्तीला यायचा, आज आवराआवरीला आला होता.

"आज लागणारं सगळं बाजूला काढून घेऊ, बाबा," टेबलावर ठेवलेल्या फोनमधून ऋषीचा आवाज आला. "उद्या दुकानातला मच्छिंद्र येईल आणि फॉरमॅट मारेल. सगळं पुसून नवी सिस्टिम टाकेल. मी बोललोय त्याच्याशी. एकदाची कटकट संपेल."

"बरं," गिरिधर म्हणाला.

कटकट हा शब्द त्याला लागला, पण तो शब्द चुकीचा आहे असंही त्याला म्हणता येईना. कंप्युटर अडकायचा, आवाज जायचा, पडद्यावर नको त्या जाहिराती नाचायच्या, प्रिंटर कागद ओढायचा नाही. मग गिरिधर फोन करायचा, "अरे, ते पुन्हा अडकलं." मग ऋषी म्हणायचा, "तुम्ही काहीही क्लिक करता." मग बाण यायचा. तासभर दोघं बोलत बसायचे, म्हणजे ऋषी 'थांबा', 'दाबा', 'आता बंद करून चालू करा' असं म्हणायचा आणि गिरिधर 'हो', 'दाबलं', 'झालं' म्हणायचा. हे काही बोलणं नव्हे, असं कुणी म्हणालं असतं तर गिरिधरचा इलाज नव्हता. त्याच्याकडे हेच होतं. वास्तविक पाटबंधारे खात्यात नकाशे काढण्यात ज्याचा जन्म गेला, शेवटची काही वर्षं तर कंप्युटरवरच गेली, तो माणूस एवढा अडाणी नव्हता. गल्लीतले पेन्शनर हयातीच्या दाखल्यासाठी त्याच्याकडेच यायचे. प्रिंटरची वायर ढिली झाली की कागद येत नाही, हे त्याला चांगलं ठाऊक होतं. एकदा तर ती त्यानेच ढिली केली होती. पण ठाऊक असणं आणि फोन न करणं या वेगळ्या गोष्टी होत्या. बिघाड त्याच्या कामाचा होता. उद्या सगळं पुसलं जाणार, नवं कोरं काही येणार, ते बिघडणार नाही आणि मग पुढच्या रविवारी ऋषीला कोणत्या तोंडाने फोन करायचा, हे त्याला सुचत नव्हतं. कालपासून तो त्याच विचारात होता. रात्रीचं जेवणही धड गेलं नव्हतं.

बाण आता भराभर चालू लागला होता. 'नवीन फोल्डर' नावाची फोल्डरं उघडत होता, आत डोकावत होता, मिटत होता. गिरिधरला त्याची चाल ओळखू यायची. मच्छिंद्र माउस धरी तेव्हा बाण सरळ जाई, नेमक्या जागी थांबे. ऋषीचा बाण तसा नव्हता. निर्णय घ्यायच्या आधी तो एका जागी बारीक गोल गोल फिरायचा. शाळेत असताना गणित सोडवण्याआधी ऋषी पेन्सिल अशीच कागदापासून अधांतरी धरून फिरवत बसे आणि गिरिधरला राग येई. 'त्याला सांग, पेन्सिल टेकव आधी,' असं तो शरयूला सांगे. ऋषी समोरच बसलेला असे, हात लांब केला तर डोक्याला लागेल इतका जवळ; पण सांगायचं शरयूला. कसं कोण जाणे, त्या घरात ती पद्धतच पडली होती. गिरिधरच्या वडिलांनीही त्याच्याशी कधी थेट बोलल्याचं त्याला आठवत नव्हतं. आईच्या तोंडूनच वडील बोलत, आणि त्यात कुणाला काही चुकल्यासारखं वाटत नसे. 'त्याला विचार, पेपर कसा गेला.' 'आई, बाबांना सांग, सोपा होता.' दोघांनीही दोघांचं ऐकलेलं असायचं, तरी शरयू मधे उभी राहून इकडचं तिकडे करायची. कधी वैतागली की म्हणायची, "मी काय तारऑफिस आहे का? बोला की एकमेकांशी!" मग दोघं गप्प बसत आणि थोड्या वेळाने पुन्हा तेच सुरू होई. ऋषीला पुण्यात नोकरी लागली ती बातमीही त्याला शरयूकडून कळली, स्वयंपाकघरात, आणि पेढा तोंडात असताना आपण काय म्हणालो तर, 'त्याला म्हणावं, खोली नीट बघून घे.' बस. तेवढंच. त्याला तेव्हा किती आनंद झाला होता ते त्याने कुणालाही सांगितलं नाही. शरयूला ते न सांगता समजलं होतं आणि तिने ते ऋषीपर्यंत पोचवलंही असेल. असेल म्हणजे काय, पोचवलंच असेल. तिचं ते कामच होतं.

"हे काय आहे बाबा, 'नळ अर्ज'?"

"ते नगरपालिकेला लिहिलेले अर्ज आहेत. नळाला पाणी येत नाही म्हणून."

"ठेवायचे?"

"नको."

बाणाने ते फोल्डर उचललं आणि पुसून टाकलं. नगरपालिकेनेही हेच केलं असेल म्हणून गिरिधरला हसू आलं, आणि मग आलेलं हसू तिथेच विरलं. त्याला ते अर्ज हवे होते. चांगले लिहिले होते त्याने, एकेक शब्द तोलून. पण कुणी काही देऊ केलं की पहिल्यांदा 'नको' म्हणायचं, हे त्याच्या हाडात मुरलेलं होतं. पंगतीत वाढपी आला की पानावर आडवा हात धरायचा. वाढपी म्हणणार, 'घ्या हो, एवढंसं'. आपण पुन्हा 'नको, नको'. मग तो वाढणार आणि आपण खाणार. शरयूच्या हाताखाली तर 'नको'ला काडीची किंमत नव्हती, नको म्हणणाऱ्याच्या पानात दोन घास जास्तच पडायचे. ऋषी त्याच घरात वाढला होता. पण पुण्याला, त्या काचेच्या ऑफिसात, लोक 'नको' म्हणाले की नको असतं आणि 'हो' म्हणाले की हवं असतं. ते बरोबरच आहे, सरळच आहे. त्याची सवय ऋषीला लागली यात ऋषीचा काय दोष? जुन्या कार्यालयातले कालव्यांचे नकाशे विचारले तेव्हाही गिरिधर 'नको' म्हणाला. तेही गेले.

मालनबाई भांडी आटोपून हात पुसत दारात आली. पडद्याकडे बघून तिथेच थबकली.

"अगं माय! ते आपलं आपलंच चालून राह्यलं की, काका."

"ऋषी चालवतोय. पुण्याहून."

"तिथून त्याला इथलं दिसतंय?"

"कंप्युटरच्या आतलं दिसतं."

"मंग तुमी बी दिसून राह्यले का त्याला?"

"नाही. मी नाही दिसत."

"असं व्हय," म्हणून ती पदर खोचत निघाली आणि जाता जाता, कुणी विचारलं नसताना, स्वतःच्या लेकाचं सांगू लागली. "आमचा कल्याण फोन करतो तीर्थपुरीहून, तर नुसता भांडतो बघा. काल किती वरडला! म्हणतो, मला न्हाई इचारता शेळी का इकली. म्हटलं, शेळी माझी का तुझ्या बापाची? तर ठेवला ना फोन. आन् परत केला तेनंच, परत भांडाया." ती हसत जिना उतरून गेली. गिरिधरला त्या कल्याणचा हेवा वाटला. कल्याणचा की मालनबाईचा, ते त्याला ठरवता येईना. शेळीवरून पोटभर भांडता येणं ही केवढी चैन आहे, असं काहीतरी त्याच्या मनात आलं आणि स्वतःचीच त्याला लाज वाटली.

तेराव्याला पाहुणे गेल्यावर दोघंच पुढच्या खोलीत बसले होते. त्या दुपारची आठवण त्याला नको असताना यायची. पंखा चालू होता. आकांक्षा, ऋषीची बायको, आत निजली होती. ऋषी भिंतीला टेकून बसलेला, गिरिधर खुर्चीत, आणि मधली जागा मोकळी. गिरिधरला विचारायचं होतं, 'तू कसा आहेस?' आणि सवयीने त्याची मान स्वयंपाकघराच्या दाराकडे वळली. ऋषीचीही वळली. दोघांनी एकमेकांना तसं करताना पाहिलं. ते फार वाईट होतं. चितेपाशी गिरिधर रडला नव्हता, पण त्या क्षणी आपण आता फुटणार असं त्याला वाटलं. तेवढ्यात ऋषी घसा साफ करून म्हणाला, "बाबा, कंप्युटर फार स्लो झालाय का?" गिरिधर घाईने म्हणाला, "हो, फारच." मग दोघं उठून आतल्या खोलीत गेले आणि अंधार पडेपर्यंत त्या डब्यापुढे शेजारी शेजारी बसून राहिले. त्या दिवशी ऋषीने लांबून बघण्याचा तो प्रोग्राम घालून दिला होता. "आता मी पुण्यातून बघत जाईन," असं म्हणाला होता. बघत जाईन, हे शब्द गिरिधरने कितीतरी दिवस मनात घोळवले होते.

आता फोटोंची पाळी आली होती. बाजूला जोडलेल्या डिस्कवर ते एकामागून एक चालले होते आणि हिरवी पट्टी हळूहळू भरत होती. फोटो ऋषीने विचारले नाहीत, सगळे घेतले. मग बाण खाली आला आणि एका फोल्डरपाशी थांबला. त्यावर नुसतं 'शरयू' लिहिलेलं होतं. शरयूने स्वतः केलेलं ते फोल्डर. दुपारी भांडी झाली की ती इथे बसून एका बोटाने काहीबाही टंकत असे, लोणच्याचं प्रमाण, भजनी मंडळातल्या बायकांचे नंबर, अंबडला मत्स्योदरीच्या दर्शनाला कोण कोण येणार त्यांची नावं. बाण त्या नावावर गोल गोल फिरू लागला. बराच वेळ फिरला. फोनमधून फक्त मागची कुकरची शिट्टी ऐकू आली. ऋषीने विचारू नये, असं गिरिधर मनात म्हणत होता. विचारलं तर आपल्या तोंडून काय निघेल याचा त्याला भरवसा नव्हता. न राहवून त्याने हात पुढे केला आणि माउसवर ठेवला. नुसता ठेवला. बाण किंचित थरथरला, एकदा त्याच्या हाताने, एकदा तिकडच्या. नकाशाची सरळ रेघ कशी ओढायची हे शिकवताना त्याने ऋषीचा हात असाच वरून धरला होता. पोर तेव्हा चौथीत असेल, तळहात घामेजलेला. त्यानंतर त्याने त्याचा हात कधी धरला होता? आठवेना. अंत्यविधीच्या वेळीही लोकांनीच दोघांना धरलं होतं, वेगवेगळं.

"बाबा, तुमचा हात लागतोय का? काढा ना."

गिरिधरने हात काढला. बाणाने फोल्डर उचललं आणि काही न विचारता डिस्कमध्ये नेऊन ठेवलं.

त्यानंतरचं काम लवकर उरकलं. ऋषीने पासवर्ड कागदावर लिहून घ्यायला लावले, प्रिंटरची सीडी शोधून ठेवायला सांगितली, डिस्क काढून कपाटात ठेवा म्हणाला. त्याच्या आवाजात हलकेपणा आला होता. काम संपत आल्यावर येतो तसा. मागून आकांक्षाने विचारलं, "झालं का रे?" आणि तो तिला "दोनच मिनिटं" म्हणाला. मग गिरिधरला म्हणाला, "बाबा, एक राहिलं. हा लांबून बघायचा प्रोग्राम पुसल्यावर जाईल. मच्छिंद्रला सांगू का पुन्हा टाकायला?"

रात्रभर जे कसं मागावं कळत नव्हतं ते पोराने आपणहून पुढे केलं होतं. गिरिधर म्हणाला, "नको. कशाला? तुला उगाच त्रास."

आणि वाट पाहत राहिला. आता ऋषी म्हणेल, त्रास कसला बाबा. मग आपण म्हणू, तसं नव्हे, तुलाही कामं असतात. मग तो म्हणेल, असू द्या हो, टाकायला सांगतो. मग आपण म्हणू, बरं, तुझी मर्जी. सगळं त्याच्या मनात तयार होतं, हात पानावर आडवा धरून तो बसला होता.

"बरं," ऋषी म्हणाला. "तसंही नव्या सिस्टिमला लागणार नाही. ठेवतो मग."

बाण कोपऱ्यात गेला, एक चौकोन मिटला, आणि पडदा जसा होता तसा राहिला. 'अरे ऐक,' असं म्हणायला गिरिधरने तोंड उघडलं होतं. फोन बंद झाल्यावरही ते थोडा वेळ उघडंच होतं. खाली रस्त्यावर कुणीतरी लोखंडी पत्रे उतरवत होतं आणि त्याचा खणखणाट घरभर भरला होता.

सोमवारी मच्छिंद्र आला, चटपटीत, कानामागे पेन खोचलेला. "काका, सगळं काढून घेतलं ना? एकदा मारलं का परत भेटत न्हाई." गिरिधर म्हणाला, हो. मच्छिंद्रने पेनड्राइव्ह लावला, काहीतरी निवडलं, आणि पडदा काळा झाला. त्या काळोखावर पांढरे ठिपके गोल फिरू लागले. गिरिधर खुर्ची ओढून शेजारी बसून राहिला. "तुमी पडा काका जरा, जल्दी न्हाई व्हायचं हे," मच्छिंद्र म्हणाला तरी तो उठला नाही. दवाखान्यातही तो असाच बसला होता, डॉक्टर घरी जा म्हणत असताना. शेवटी पडदा उजळला, निळा, स्वच्छ, एकही चित्र नसलेला. "बघा, कसं एकदम झकास!" मच्छिंद्र म्हणाला, आणि खरंच झकास होतं. दाबलं की उघडत होतं. प्रिंटरने पहिल्या झटक्यात कागद ओढला. एकही जाहिरात आली नाही. आठवडाभर गिरिधर त्यावर हयातीचे दाखले काढत राहिला, लोक म्हणत राहिले, "वा, नवा घेतला की काय?" आणि त्याला त्या यंत्राचा राग येत राहिला. शेजारची चांगली वागणारी मुलं बघून येतो तसा राग.

रविवार आला. चहा झाला, पेपर झाला. नेहमीच्या वेळी तो खुर्चीत जाऊन बसला, कंप्युटर लावला, तो लगेच लागला. काय बोलायचं ते त्याने जुळवून ठेवलं होतं: आकांक्षाचा खोकला कसा आहे, तुमच्याकडे थंडी पडली का, इथे हुरडा आला आहे, सुट्टी मिळाली तर या. एवढी चार वाक्यं. शाळेतल्या पोराने पाठांतर करावं तशी त्याने ती मोरीत तोंड धुताना म्हणून पाहिली होती. त्याने फोन लावला.

"काय झालं बाबा? अडकला का पुन्हा?"

चारही वाक्यं तशीच राहिली. "हो," गिरिधर म्हणाला. "अडकलाय."

"असा कसा अडकेल? आत्ता तर टाकलं सगळं. काय दिसतंय पडद्यावर?"

समोर निळा पडदा शांत होता. गिरिधरने माउस हलवला. बाण निमूटपणे हलला. "काही नाही दिसत," तो म्हणाला. "म्हणजे, हलत नाही."

ऋषीने सुस्कारा सोडला. त्यात राग नव्हता, थकवा होता. रागच असता तर बरं झालं असतं. "आता मला बघताही येणार नाही ना इथून. थांबा, मच्छिंद्रला पाठवतो. घरीच आहात ना?"

"घरीच आहे," गिरिधर म्हणाला.

मच्छिंद्र सुट्टीच्या दिवशी उठून आला, हेल्मेट खुर्चीवर ठेवून बसला. त्याने कंप्युटर बंद करून चालू केला, खिडक्या उघडल्या, मिटल्या, मागच्या वायरी चाचपल्या. गिरिधर त्याच्या मागे उभा होता. पायाखालची फरशी गार लागत होती. पुसण्याआधी आपण सगळं नीट काढून घेतलं, डिस्क कपाटात आहे, पासवर्ड कागदावर आहेत, असं तो उगाच मनाशी घोकत होता.

"ह्याला काहीच झालेलं न्हाई, काका. एकदम बराबर चालून राह्यलं."

"मघाशी अडकलं होतं."

"असंल बा." मच्छिंद्रने स्वतःचा मोबाइल काढून नंबर लावला. "हां भैया, बघून राह्यलो. न्हाई, काहीच न्हाई. बिलकुल ओके. न्हाई भैया, वायर बी पाह्यली... हां, इथंच हायेत. देतो." त्याने मोबाइल पुढे केला.

गिरिधरने तो कानाला लावला. दुसऱ्याचा मोबाइल, गरम झालेला, तेलकट.

"बाबा."

"हं."

"काही बिघडलं नव्हतं ना?"

आता खोटं बोलण्यात अर्थ नव्हता, आणि खरं बोलायची त्याला सवय नव्हती. मच्छिंद्र ऐकतो आहे याची लाज वाटत होती. तुझी आठवण येते रे, एवढं साधं वाक्य होतं. पण ते आपल्या तोंडातून बाहेर काढून पोराच्या कानात घालायला आयुष्यभर शरयू लागली होती. त्याचे डोळे भरून आले.

"नव्हतं," तो म्हणाला.

तिकडे कुणीतरी दार लावून घेतलं, मागचा टीव्हीचा आवाज बंद झाला.

"ठेवू मग?" ऋषीने हळूच विचारलं.

"ठेव."

पण फोन ठेवल्याचा आवाज आला नाही. गिरिधरनेही मोबाइल कानापासून काढला नाही. पलीकडे ऋषीचा श्वास ऐकू येत होता, सर्दी झाल्यासारखा. दारात मच्छिंद्र हेल्मेट हातात घेऊन उभा होता. मोबाइल त्याचा होता आणि त्याला घरी जायचं होतं. त्याने भुवया उंचावून 'झालं का?' असं विचारलं. गिरिधरने मान हलवली, नाही म्हणून, आणि रिकाम्या हाताने त्याला खुर्ची दाखवली.